फट मुलीच्या दातांत, घाई मुलाच्या जबड्याची

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही आटपाडी तालुक्यात राहतो, डाळिंबाची बाग आहे. मला दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. तिचे वरचे पुढचे दात आले तेव्हापासून मधल्या दोन दातांत फट आहे, काडेपेटीची काडी बसेल एवढी. शेजारचे दोन दातही बाहेर फाकलेत. घरात रोज तोच विषय. सासूबाई म्हणतात, फटीतून पैसा गळतो, आणि मुलीची जात, उद्या दाखवायची वेळ आली की काय करायचं? नणंदेच्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ बघून केसांचं बारीक रबर त्या दोन दातांभोवती अडकवलं. रात्री लावायचं, सकाळी काढायचं. फट खरंच कमी झाल्यासारखी वाटते. पण परवा सकाळी रबर सापडलंच नाही. झोपेत गिळलं असेल, असं माझी मुलगी म्हणते. लावणं चालू ठेवू का? मध्ये पुण्याला दिरांकडे गेलो होतो, तिथे एका दवाखान्यात ओठाच्या आतली दोरी कापून घ्या म्हणाले.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. दुधाचे होते तेव्हाही तसंच होतं. पडले की नवे नीट येतील असं वाटलं, पण नवेही तसेच आले. माझे सासरे तसेच होते, त्यामुळे घरात कौतुकच आहे, आजोबांवर गेलाय म्हणून. मिस्टर म्हणतात, मुलाला काय, दाढी-मिशी आली की हनुवटी झाकते. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मात्र कार्डावर लिहून पुढे दाखवायला सांगितलं. गावातल्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, क्लिपा चौदा वर्षांनंतर, तेव्हा या. त्याची खालची एक दाढही किडलीय. दुधाचीच आहे, काढून टाकू म्हणाले. दोघांचं एकदम करायला पैसे नाहीत. आधी मुलीचं करावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तुम्ही काय सांगाल?

उत्तर :

ताई, बाकी सगळं नंतर. ते रबर आज रात्री लावू नका. आणि जे सापडलं नाही ते पोटात गेलंय असं धरून बसू नका. या एक-दोन दिवसांत मुलीला दातांच्या डॉक्टरांकडे न्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगा की दातांना रबर लावत होतो आणि त्यातलं एक हरवलंय. हे सांगायलाच हवं, कारण असं रबर एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. तुम्ही बोलला नाहीत तर हिरडी सुजलीय एवढंच डॉक्टरांना दिसेल आणि औषध देऊन ते घरी पाठवतील.

दात आपल्याला दिसतो तेवढाच नसतो. हिरडीच्या आत त्याचं मूळ असतं आणि पुढच्या दातांचं मूळ गाजरासारखं टोकाकडे निमुळतं होत जातं. गाजराच्या जाड भागावर घट्ट रबर चढवून बघा, ते जागेवर राहत नाही, हळूहळू बारीक टोकाकडे घसरतं. तोंडातही तेच होतं. रबर हिरडीखाली शिरतं, बाहेरून दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीच्या हाडाची नासाडी करत वर चढत जातं. दात हलायला लागतात, लांब झाल्यासारखे दिसतात, हिरडीतून पू येतो. ना कीड, ना मार, तरीही कायमचे दोन चांगले दात असे गमावलेल्या मुलांच्या नोंदी दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत पुन्हा पुन्हा येत असतात. हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात उपटला तर रक्त थांबत नाही. अशा रुग्णाचा दात हत्यार न लावता पाडायचा असला, तर एके काळी डॉक्टर मुद्दाम दाताला रबर घालून ते मुळाकडे सरकू देत असत. तुमच्या भाचीनं फट बुजवायला म्हणून जे केलं, ते दात पाडायचं जुनं तंत्र आहे. पोरीला रागावू नका, तिनं चांगल्या मनानंच केलं. असले व्हिडिओ टाकणाऱ्यांबद्दल मात्र माझ्या तोंडी चांगले शब्द येत नाहीत.

आज उजेडात तिचा ओठ वर करून बघा. त्या दोन दातांच्या वर हिरडीवर लाल रेघ किंवा सूज आहे का? बोटानं हलवले तर ते शेजारच्या दातांपेक्षा जास्त हलतात का? यातलं काही असेल तर एक-दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जा. फट कमी झाल्यासारखी वाटते म्हणता, ते खरं असेल. रबरानं दातांचे शेंडे एकमेकांकडे कलतात, मुळं तिथेच राहतात. सोडून दिलं की शेंडे परत आपल्या जागी जातील. जाऊ द्या.

आता मुळात ती फट. नऊ वर्षांच्या मुलीच्या वरच्या मधल्या दातांत काडेपेटीच्या काडीएवढी, म्हणजे साधारण २ मिलिमीटरची फट हा आजार नाही. या वयात तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या आत, वरचे कायमचे सुळे खाली उतरायला निघालेले असतात. उतरताना ते शेजारच्या दातांची मुळं आतल्या बाजूला दाबतात. मुळं आत गेली की साहजिकच शेंडे बाहेर फाकतात आणि मध्ये फट पडते. अकरा-बाराव्या वर्षी सुळे हिरडीबाहेर आले की तोच दाब मुळांवरून शेंड्यांवर येतो, दात सरळ होतात आणि फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. ब्रॉडबेंट या अमेरिकी दंतवैद्यानं १९३७ साली हा टप्पा नीट वर्णन करून ठेवला, तेव्हापासून आमच्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात. तरीही दर सुट्टीत आठ-नऊ वर्षांच्या मुलींना घेऊन आया येतात, आणि त्यातल्या कुणाला तरी कुठे तरी तारा बसवलेल्या असतात. या वयात ते फाकलेले दात जबरदस्तीनं सरळ केले तर त्यांची मुळं उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत जातात आणि झिजू शकतात. थांबण्यात नुसते पैसे वाचत नाहीत, मुळंही वाचतात.

ओठाच्या आतल्या दोरीचंही तेच. सुळे येऊन गेल्यावरही फट राहिली आणि ती दोरी जाड होऊन दोन दातांच्या मध्ये उतरलेली दिसली, तर आधी दात जवळ आणतात आणि मग ती कापतात. उलट क्रमानं केलं तर कापलेल्या जागी व्रण धरतो आणि तोच व्रण दातांना जवळ येऊ देत नाही. पुण्यातल्या त्या सल्ल्याला सध्या नाही म्हणा.

एक खात्री मात्र करून घ्या. कधी कधी दोन मधल्या दातांच्या वर हाडात एक जादा, सुळकेदार छोटा दात दडलेला असतो आणि फट त्याच्यामुळे असते. तो आपोआप जात नाही. रबरासाठी जाल तेव्हाच पुढच्या दातांचा छोटा एक्स-रे काढायला सांगा, दोन्ही शंका एका फेरीत फिटतील.

आणि पुढच्या वर्षी, तिला दहा पूर्ण झाली की, एक काम तुम्ही घरी करा. हात स्वच्छ धुऊन तिच्या वरच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाकडच्या बाजूनं, हिरडीवर बोट फिरवा. आत येणाऱ्या सुळ्याचा टणक उंचवटा लागला पाहिजे, दोन्ही बाजूंना. अकरा पूर्ण होत आली तरी एका बाजूला तो लागत नसेल तर एक्स-रे काढून घ्या. अक्कलदाढेच्या खालोखाल हाडात अडकून बसणारा दात कुठला, तर वरचा सुळा. बऱ्याचदा तो टाळूकडे भरकटतो. वेळेवर कळलं तर नुसता दुधाचा सुळा काढल्यानं पुष्कळदा नवा आपल्या वाटेवर येतो. चौदाव्या वर्षी कळलं तर हिरडी उघडून, त्याला साखळी बांधून महिनोन् महिने खाली ओढत बसावं लागतं. ही दहा सेकंदांची तपासणी घरोघरी झाली पाहिजे, पण आपल्याकडे ती सांगतंच कोण?

मुलीचं एवढंच. आता मुलाकडे बघा, कारण तुमच्या पत्रात मला काळजी त्याची वाटली.

खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येणं म्हणजे चावा उलटा असणं. दुधाच्या दातांत उलटा होता आणि नव्यांतही उलटाच आला, याचा अर्थ दात पडून-येऊन तो सुधारणार नाही. तो तसाच राहिला की वरचा जबडा खालच्या दातांच्या मागे कोंडल्यासारखा होतो आणि पुढे वाढायला मोकळा राहत नाही. दातांच्या कडा एकमेकांवर घासून झिजतात. खालचा एखादा दात सतत पुढे रेटला जाऊन त्याची हिरडी खाली उतरते, मूळ उघडं पडतं. आणि चेहरा बदलत जातो तो वेगळाच. गालाची हाडं चपटी दिसतात, हनुवटी पुढे येते. मिस्टरांना सांगा, दाढीनं हनुवटी झाकते, पण घास तोडायला दाढी उपयोगाची नाही.

उलटा चावा तीन प्रकारचा असतो. तुमच्या मुलाचा कुठला ते तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही, पण घरी थोडा अंदाज येईल. त्याला सरळ बसवा. जिभेचं टोक वळवून टाळूच्या मागच्या भागाला लावायला सांगा आणि तसंच ठेवून सावकाश तोंड मिटायला सांगा. असं करताना वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडा एकमेकींवर टेकतात आणि मग पूर्ण मिटताना खालचा जबडा पुढे सरकतो, असं दिसलं तर बातमी बरीच चांगली आहे. याचा अर्थ जबडा तितका पुढे नाही. दात आड येतात म्हणून मूल तो पुढे सरकवून चावतं. अशा वेळी वरच्या दातांमागे स्प्रिंग असलेली काढता-घालता येणारी प्लेट किंवा पुढच्या चार दातांना आणि दोन दाढांना तात्पुरत्या क्लिपा, एवढ्यावर काही महिन्यांत काम होतं.

कडा टेकतच नसतील तर प्रश्न हाडाचा आहे. त्यातही बघायचं असतं की खालचा जबडा जास्त वाढलाय की वरचाच मागे राहिलाय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, 'हनुवटी पुढे' एवढंच लोकांना कळतं. त्यासाठी चेहऱ्याचा बाजूनं एक खास एक्स-रे काढतात आणि त्यावर रेघा मारून कोन मोजतात. वरचा जबडा मागे असणं हे पुष्कळ मुलांत सापडतं, आणि घाई आहे ती नेमकी त्याचीच. वरचा जबडा चेहऱ्याच्या इतर हाडांना ज्या सांध्यांनी जोडलेला असतो, ते सांधे लहानपणी ओढ देतील तसे हलतात. वय वाढत जातं तसे ते घट्ट होतात. आठ-नऊच्या आत ओढ दिली तर हाड पुढे येतं. दहानंतर परिणाम कमी होत जातो, आणि चौदाव्या वर्षी त्याच यंत्रानं बहुतेक दातच हलतात, हाड फारसं हलत नाही. तुमच्या मुलाला सात आहेत. हाताशी अजून एक-दोन वर्षं आहेत, त्यापेक्षा जास्त धरून चालू नका.

उपचार ऐकायला भीतीदायक, करायला सोपा आहे. आधी टाळूत एक पट्टी चिकटवतात. तिच्या मध्ये स्क्रू असतो आणि तो घरी आईनं किल्लीनं फिरवायचा असतो. एका वेळी पाव वळसा, म्हणजे टाळू पाव मिलिमीटर रुंदावतो. दहा-बारा दिवसांत मुलाच्या वरच्या मधल्या दोन दातांत चांगली फट पडलेली दिसेल. बघून सासूबाई कपाळावर हात मारतील, पण ती फट म्हणजे टाळूची मधली शिवण उघडल्याची खूण आहे. स्क्रू थांबवला की ती आपोआप मिटते. मग येतो मास्क. कपाळावर एक टेकू, हनुवटीवर एक टेकू, मध्ये दांडी. टाळूतल्या पट्टीच्या आकड्यांपासून त्या दांडीपर्यंत दोन रबर ताणायची, वरच्या जबड्याला पुढे ओढण्यासाठी. ही रबर हाडाला ओढ देण्यासाठी मोजून दिलेली असतात आणि आकड्यांना लावतात, दातांभोवती गुंडाळत नाहीत. रोज बारा ते चौदा तास. रात्रीची झोप आणि संध्याकाळचा अभ्यास मिळून तेवढे होतात, शाळेत घालून जायची गरज नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मूल कुरकुर करतं, हनुवटी लाल होते, तिथे मऊ सुती कापड ठेवायचं. नऊ महिने ते वर्षभर चालतं. सात-आठ वर्षांची मुलं हे बिनबोभाट करतात, हा माझा नेहमीचा अनुभव. तेराव्या वर्षी घालायला सांगितलं तर मास्क कपाटात सापडतो.

हमी देत नाही. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वयाच्या, वरचा जबडा मागे असलेल्या मुलांचे दोन गट करून एका गटाला मास्क लावला आणि दुसऱ्याला लावला नाही. सहा वर्षांनी तपासलं तेव्हा पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं ज्यांच्याबाबत वाटत होतं, त्यांचं प्रमाण मास्कवाल्यांत ३६ टक्के आणि न लावलेल्यांत ६६ टक्के होतं. म्हणजे मास्क लावूनही तिघांतल्या एकाला पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, आणि न लावता तिघांतल्या दोघांना. मला हा फरक पुरेसा मोठा वाटतो. मोठेपणीची शस्त्रक्रिया म्हणजे वाढ पूर्ण थांबल्यावर, मुलांत अठरानंतर, आधी वर्ष-दीड वर्ष क्लिपा, मग पूर्ण भूल देऊन जबड्याचं हाड कापून बसवणं. ती चांगली होते, आयुष्य बदलून जातं, पण खर्च आणि त्रास दोन्ही मोठे.

आजोबांचा मुद्दा इथे येतो. खालचा जबडा पुढे असणं घराण्यात चालत येतं, हे खरंच आहे. युरोपातल्या हाप्सबुर्ग राजघराण्यात तो पिढ्यान् पिढ्या चालला. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स, १६६१ ते १७०० हा त्याचा काळ, त्याला नीट चावताही येत नसे असं लिहून ठेवलेलं आहे. राजाला वर्गात कुणी चिडवत नव्हतं, तुमच्या मुलाला चिडवतील. पण घराण्यात आहे म्हणजे उपाय नाही असा अर्थ काढू नका. त्याचा अर्थ एवढाच की आता चावा सरळ झाला तरी वयात येताना खालचा जबडा पुन्हा जोर करू शकतो. म्हणून वाढ थांबेपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहायचं. आजोबांचा बाजूनं काढलेला एखादा फोटो घरात असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, काका-आत्यांत कुणाला तसं आहे का ते सांगा. आम्हाला त्याचा उपयोग होतो.

तो रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, तेही बघा. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल दाखवून घ्या. टॉन्सिल फार मोठे असले की काही मुलं श्वासाला जागा मिळावी म्हणून जबडा पुढे धरून ठेवतात, आणि मग आमचं काम पुन्हा पुन्हा उलटतं.

तुमच्या गावातल्या डॉक्टरांचं 'चौदा वर्षांनंतर' हे साफ खोटं नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी दुसऱ्या कायमच्या दाढा येतात, दुधाचे दात संपतात, तेव्हा सगळ्या दातांना क्लिपा लावणं सोयीचं असतं. दाटीवाटी असेल, दात वेडेवाकडे असतील, तर थांबणंच शहाणपणाचं. वरचे दात खूप पुढे असलेल्या मुलांबाबतही अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष हाच आहे की आठव्या-नवव्या वर्षी एकदा आणि तेराव्या वर्षी पुन्हा, असे दोन हप्त्यांत उपचार केल्यानं शेवटी दात काही जास्त चांगले बसत नाहीत. फायदा एकच, दात पडून-आपटून तुटायचं प्रमाण कमी होतं. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला सरसकट तारा लावून दोनदा पैसे घेणारे दवाखानेही मला आवडत नाहीत. उलटा चावा मात्र या नियमात बसत नाही. तिथे थांबणं म्हणजे संधी घालवणं.

किडलेली दाढ. कुठली आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्याच्या खालच्या ओळीत शेवटची दाढ असेल तर ती दुधाची नसेलच. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरोघरी तिला दुधाची समजतात. ती आयुष्यभराची दाढ आहे, ती काढू द्यायची नाही. तिच्या लगेच पुढची असेल तर ती दुधाची, पण तीही दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी. आत्ता काढली तर मागची नवी दाढ पुढे सरकून जागा खाईल आणि खालून येणाऱ्या उपदाढेला वाट राहणार नाही. सिमेंट भरून, नस साफ करून, वर स्टीलची कॅप बसवून ती वाचवता येते. अगदीच वाचत नसेल तर काढल्यावर जागा धरून ठेवणारी तार बसवून घ्या. काढून टाकू एवढंच म्हणून जे तार बसवायचं नाव घेत नाहीत, त्यांना तुम्ही विचारा.

आता पैसे. शाळेतलं ते कार्ड फेकलं नसेल अशी आशा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ती तपासणी. २०१३ साली पालघरला तिची सुरुवात झाली, आणि सरकारी व अनुदानित शाळांमधल्या मुलांना तिचा हक्क आहे. कार्ड घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. दाढेचं काम आणि मुलीचा छोटा एक्स-रे तिथे किंवा सांगलीच्या सिव्हिलला होतो का ते विचारा. जबड्यासाठी मात्र ऑर्थोडॉन्टिस्टच लागेल, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर. पाटीवर 'क्लिपा लावून मिळतील' लिहिलंय म्हणून तो ऑर्थोडॉन्टिस्ट होत नाही, पदवी विचारायला लाजू नका. तुम्हाला जवळ म्हणजे सांगली आणि कराड, दोन्हीकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, एसटीच्या फेऱ्या होतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तुम्हाला ती लांब पडतील. महाविद्यालयात विद्यार्थी तीन वर्षांनी बदलतो, तेव्हा नावाची फाइल आणि एक्स-रेच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

खर्च विचारताना पूर्ण आकडा विचारा. टाळूची पट्टी, मास्क, मोडतोड झाली तर दुरुस्ती, नंतर दात जागेवर ठेवायची प्लेट, सगळं धरून. आणि हप्ते. बागेचा पैसा बहार आला की येतो, महिन्याला येत नाही, हे सांगून टाका. ऐकून घेणारे डॉक्टर असतात.

घरच्यांचं म्हणणं आधी मुलीचं. सासूबाईंना सांगा, मुलीसाठी या वर्षी एका तपासणीपलीकडे खर्च नाही, आणि फट राहिलीच तर बाराव्या-तेराव्या वर्षी ती बुजवणं आमच्या कामातलं सोप्यात सोपं काम आहे. तिच्यासमोर 'दाखवायची' ही भाषा मात्र बंद करा. नऊ वर्षांची मुलगी हसताना तोंडावर हात धरायला लागली की ती सवय दात नीट झाल्यावरही जात नाही. बागेत फवारणी कधी करायची हे मिस्टर कॅलेंडर बघून ठरवत असतील, चार दिवस चुकले तर काय होतं ते त्यांना मी सांगायला नको. मुलाची तारीख या उन्हाळ्याच्या आत घ्या. जाताना कार्ड, आजोबांचा फोटो आणि मुलाचा स्वतःचा बाजूनं, तोंड मिटून काढलेला एक फोटो न्या. त्या फोटोच्या मागे तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून बघायला लागेल.